पिवळा साबो

जर्मनीतल्या येनाजवळच्या चुनखडीच्या टेकड्यांवर फोग्ट नावाच्या एका म्हाताऱ्याने शिकारीसाठी रान भाड्याने घेतलं होतं. मार्चअखेर त्याचा करार संपणार होता. त्याच्यानंतर येणाऱ्या माणसाने आधीच सांगून ठेवलं होतं की आपल्या रानात ठासणीची बंदूक चालणार नाही. हरणीच्या शिकारीचा हंगाम तर जानेवारीतच संपायचा. त्यामुळे गुरुदत्तच्या हातात एकच संध्याकाळ उरली होती, जानेवारीतल्या शेवटच्या शनिवारची.

गुरुदत्त मूळचा पुण्याचा. येनातल्या एका भिंगांच्या कारखान्यात तो दुर्बिणी तपासायचा. फोग्ट त्याच खात्यातून निवृत्त झालेला. त्याच्या नादाने गुरुदत्त नेमबाजीच्या क्लबात गेला, मग शिकारीची परीक्षा पास झाला, मग बंदुकीची दारू बाळगायचा परवानाही काढला. पण अजून त्याने एकही हरण मारलं नव्हतं. नव्या पद्धतीच्या रायफलने मारायची संधी दोनदा आली, दोन्ही वेळा त्याने ती सोडली. पहिलं हरण मारायचं तर ठासणीच्या बंदुकीने, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. एक गोळी, एक बार. चुकला तर चुकला.

बंदूक विकत घेणं सोपं होतं. तिच्यात काय घालायचं हे ठरवण्यात वर्ष गेलं.

आधी त्याने शिशाची गोल गोळी घेतली, तेलकट कापडाच्या तुकड्यात गुंडाळून ठासायची ती. जवळून ती छान लागायची. पण फोग्टने शिकारीच्या परवान्यांच्या कचेरीत विचारलं तेव्हा त्यांनी अट घातली होती की शंभर मीटरवरही गोळीत पुरेसा जोर उरला पाहिजे. गोल गोळीचा दम तिथवर जाईपर्यंत संपायचा. मग त्याने शिशाची लांबट, जड गोळी आणली. तिच्यात जोर होता, पण दर वेळी वेगळीकडे जायची. शेवटी तो तांब्याच्या गोळीवर आला. ही गोळी नळीपेक्षा बारीक असते, म्हणून तिला प्लास्टिकच्या वाटीत बसवून ठासतात. वाटीला चार पाकळ्या. बार उडाला की पाकळ्या उघडतात, वाटी गळून पडते आणि गोळी एकटी पुढे जाते. त्या वाटीला साबो म्हणतात.

फोग्टने त्याला साबोची दोन पाकिटं दिली होती, एक काळ्यांचं आणि एक पिवळ्यांचं. काळा साबो नळीत इतका घट्ट बसायचा की ठासायच्या गजावर छाती टेकून जोर द्यावा लागे. तळहाताला फोड यायचे. पिवळा अलगद सरकत जायचा. शिवाय पिवळ्याने मारलेली भोकं कागदावर एकमेकांना चिकटून यायची, काळ्याची जरा विखरून.

"काळा घे," फोग्ट म्हणाला.

"पण हेर फोग्ट, पिवळ्याची भोकं बघा ना!"

"बघितली. भोकं कागदावर आहेत. कागद पळून जात नाही." फोग्टने गज हातात घेतला. "हे बघ गुरु. गोळी दारूला टेकून राहिली पाहिजे. ती पुढे सरकली आणि मध्ये पोकळी राहिली, तर नळी फाटते. काळा धरून ठेवतो. पिवळा धरून ठेवेल का, मला माहीत नाही."

"गेनाऊ, बरोबर, म्हणून तर मी खूण केलीय." गुरुदत्तने गजावर पांढऱ्या रंगाचं कडं काढलं होतं. गज आत घातला आणि कडं नळीच्या तोंडाशी आलं, की गोळी दारूवर बसली असं समजायचं.

"आल्झो, बरं तर, बंदूक तुझी, डोळे तुझे," फोग्ट म्हणाला आणि त्याने विषय सोडला.

गुरुदत्तने पिवळा निवडला. मोजमाप करणारा माणूस तो, भोकांवर विश्वास ठेवणारा. पण क्लबात तो पाठोपाठ बार काढायचा, आणि दुसऱ्या बारापासून नळीत काजळी धरायची. त्या काजळीत पिवळा साबो व्यवस्थित अडकून बसायचा. स्वच्छ पुसलेल्या, गारठलेल्या नळीत तो किती धरून राहतो, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

डिसेंबरात त्याचे सासरे प्रतापराव कुडाळहून आले. बायको गेल्यानंतर ते पहिल्यांदाच लेकीकडे, नीताकडे, राहायला आले होते. कोकणात भातशेती राखायला त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती. रानडुकरांवर त्यांनी कित्येक पावसाळे ती चालवली होती. जावयाकडेही तसलीच बंदूक आहे हे कळल्यावर ते पोरासारखे खूश झाले.

"आमच्याकडे काथ्याचा बोळा घालतो," त्यांनी सांगितलं. "ठासली की ठासली. बैल जुंपलात तरी बाहेर येणार नाही. ही तुमची वाटी म्हणजे, जावईबापू, श्रीखंडाची वाटी दिसते."

गुरुदत्त हसला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण त्याने सासऱ्यांना एकदाही नाही म्हटलं नव्हतं. ते म्हणाले गाडी पूर्वेकडे तोंड करून लावा, तर तो लावायचा. ते म्हणाले सकाळी कोमट पाण्यात मीठ घालून प्या, तर तो ओकारी दाबत प्यायचा. नीता स्वयंपाकघरातून म्हणायची, "अरे, बाबांना सरळ सांग ना नको म्हणून. मी नाही का सांगत?"

"तू मुलगी आहेस. मी जावई आहे."

सासरेही त्याला कधी नाही म्हणत नसत. चार घास जास्त झाले तरी जावयाने वाढलेलं खायचे आणि रात्री ओव्याची पूड मागायचे. दोघांचं असं गोडीत चाललं होतं.

त्या शनिवारी दुपारी तिघे फोग्टच्या जीपमधून टेकडीवर गेले. फोग्टने प्रतापरावांना हातवारे करून बजावलं की तुम्ही फक्त बघायचं, बंदुकीला हात लावायचा नाही.

"सांगा त्यांना," प्रतापराव म्हणाले, "मी देवळात बसल्यासारखा हात जोडून बसतो."

जीपपाशीच गुरुदत्तने बंदूक भरली, कारण मचाणावर गजाची खटखट झाली तर रान सावध होतं. नळी त्याने आदल्या दिवशी पुसून लख्ख केली होती. मोजून दारू ओतली, मग पिवळ्या साबोतली तांब्याची गोळी. ती सहज खाली गेली, फार सहज. पांढरं कडं नळीच्या तोंडाशी आलं. बार पेटवणारी धातूची इवलीशी टोपी मात्र त्याने खिशात ठेवली. टोपीशिवाय बार उडत नाही, आणि वर चढून बसेपर्यंत ती चढवायची नाही असा नियम होता. नळीच्या तोंडावर पाणी जाऊ नये म्हणून त्याने चिकटपट्टी लावली आणि बंदूक खांद्याला अडकवली, नळी वर करून.

"झाडीच्या कडेची ती हरणाची म्हातारी मादी," फोग्टने पुन्हा सांगितलं. "तिला पिलू नाही. दुसरीकडे बघायचं नाही. मी खाली गोठ्यापाशी थांबतो. बार ऐकला की येईन."

वाट चढाची होती. अर्ध्यात बारीक, बर्फमिश्रित पाऊस सुरू झाला. प्रतापराव मागून येत होते. त्यांनी वर पाहिलं आणि हाक मारली, "जावईबापू, नळी खाली करा. पाणी जाईल आत."

"पट्टी लावलीय, मामा."

"असू दे हो पट्टी. पट्टीचा काय भरवसा? पावसात नळी खालीच ठेवायची. भिजली दारू की संपलं सगळं."

गुरुदत्त थांबला. खाली नको, हे त्याला आतून वाटत होतं. का ते नीट आठवेना. आठवलं असतं तरी ते सासऱ्यांना पावसात उभं करून, त्यांच्या पन्नास पावसाळ्यांसमोर बोलायचं कसं? त्याने पट्टा फिरवला आणि नळी खाली करून बंदूक पाठीला लावली. प्रतापरावांनी समाधानाने मान हलवली. पुढची सगळी वाट, प्रत्येक पावलाला बंदुकीचं तोंड त्याच्या पोटरीशी हिंदकळत राहिलं.

मचाण म्हणजे चार खांबांवरची लाकडी पेटी होती, आत एक फळी बसायला. दोघे बसले की खांद्याला खांदा लागायचा. गुरुदत्तने बंदूक वर घेतली आणि नळी पुन्हा आकाशाकडे केली. तेव्हा त्याला एक बारीकसा आवाज आला, काहीतरी घसरून थांबल्यासारखा. शिडी कुरकुरली असेल, असं तो मनाशी म्हणाला. त्याने टोपी चढवली, बंदूक खिडकीच्या चौकटीवर टेकवली आणि वाट पाहायला लागला.

पाऊस थांबला. खालच्या कुरणात पांढुरका उजेड उरला होता. प्रतापराव खरोखरच हात जोडून बसले होते.

"आली," ते ओठांतल्या ओठांत म्हणाले.

म्हातारी मादी झुडपांतून बाहेर आली. पाठ वाकलेली, तोंड फिकट. ती दोन पावलं चालायची, थांबायची, गवत हुंगायची. गुरुदत्तने बंदुकीवरच्या दुर्बिणीतून पाहिलं. पिलू नव्हतं. हीच ती. त्याने घोडा मागे ओढला. मादी अजून समोरासमोर उभी होती. ती आडवी व्हायला हवी होती.

ती आडवी झाली.

दुर्बिणीतली रेघ तिच्या खांद्यामागे जाऊन बसली. गुरुदत्तने श्वास सोडला आणि बोट चापावर ठेवलं. आणि त्याच क्षणी तो आवाज त्याला पुन्हा आठवला. शिडी लाकडाची होती. लाकूड कुरकुरतं. तो आवाज कुरकुरल्याचा नव्हता, घसरल्याचा होता, आणि आला होता त्याच्या हातातून. बंदुकीतून.

गोळी सहज खाली गेली होती. मग नळी खाली करून चाललो तेव्हा ती पुढे नाही आली कशावरून? आणि नळी वर केल्यावर परत जागेवर बसली कशावरून? ती अर्ध्यात अडकली असेल तर? नळी फाटते ती चेहऱ्याजवळ. आपल्या, आणि हातभर अंतरावर बसलेल्या मामांच्या.

"मारा," प्रतापराव कुजबुजले.

कदाचित गोळी जागेवरच असेल. कदाचित आवाज शिडीचाच असेल. खात्री करायची तर टोपी काढायची, पट्टी सोलायची, गज आत घालायचा. खिडकीतून एवढी हालचाल दिसल्यावर मादी थांबणार नाही. आणि मग हंगाम संपला, फोग्टचं रान संपलं, सगळं संपलं.

"जावईबापू, मारा ना. किती वेळ उभी राहील ती?"

बोट चापावर होतं. मादीने मान वर केली नव्हती. अजून वेळ होता. एक वर्ष फोड आलेल्या तळहातांनी तो ह्या एका क्षणाची वाट पाहत होता. नुसतं बोट दाबायचं होतं. बहुतेक काही होणार नाही. बहुतेक.

त्याने बोट काढलं.

अंगठ्याने घोडा धरून सावकाश पुढे सोडला. टोपी काढली.

"काय झालं?" प्रतापरावांचा आवाज जरा चढला. "टोपी का काढलीत?"

गुरुदत्तने टोपी खिशात टाकली. बंदूक आत ओढून त्याने चिकटपट्टी सोलली. ती चर्रकन निघाली. खाली मादीचं डोकं झटक्यात वर झालं. त्याने गज नळीत सोडला. गज खाली गेला आणि थांबला. पांढरं कडं नळीच्या तोंडापासून चांगलं चार बोटं वर होतं.

दोघेही त्या कड्याकडे पाहत राहिले. कुरणातून मादीचं इशाऱ्याचं, कुत्र्यासारखं एक भुंकणं ऐकू आलं, मग दुसरं जरा लांबून. गुरुदत्तने मान वर केली तेव्हा झुडपं हलत होती आणि कुरण रिकामं होतं.

प्रतापरावांनी कड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "सरकली."

"हो."

"नळी खाली केली म्हणून?"

गुरुदत्तचं तोंड आपोआप उघडलं. "नाही हो मामा, थंडीमुळे. थंडीत प्लास्टिक आक्रसतं ना."

प्रतापरावांनी मान हलवली. पण ते कड्यावरून नजर काढत नव्हते.

गुरुदत्तने गजावर जोर देऊन गोळी पुन्हा तळाला नेली. कडं तोंडाशी आलं. नळी वरच ठेवून, गज आतच ठेवून, तो अंधारून येईपर्यंत तसाच बसला. मादी परत आली नाही. येणार नाही हे दोघांनाही माहीत होतं.

बार ऐकू आला नाही तरी उजेड संपल्यावर फोग्ट वर आला. मचाणाखाली उभं राहून त्याने विचारलं, "आली नाही?"

"आली होती." गुरुदत्त खाली उतरला. प्रतापरावांना हात देऊन उतरवलं. मग त्याने जर्मनमध्ये सांगायला सुरुवात केली. गोळी सरकली होती, म्हणून मारलं नाही.

"का सरकली?"

गुरुदत्तने सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांना जर्मनमधला एक शब्दही कळत नव्हता. थंडी म्हणून सांगितलं असतं तर फोग्टनेही मान हलवली असती आणि तिघे जीपमध्ये जाऊन बसले असते. पण फोग्ट त्याच्या हातातल्या गजाकडे बघत होता आणि वाट बघत होता.

"मी नळी खाली करून चाललो," गुरुदत्त म्हणाला. "सासरे म्हणाले म्हणून. मला नको वाटत होतं. मी नाही म्हणालो नाही." बोलता बोलता त्याचा हात आपोआप खाली वळला, नळी दाखवल्यासारखा.

"आणि पिवळा साबो," फोग्ट म्हणाला.

"हो. तो मी निवडला. तुम्ही सांगितलं होतं."

प्रतापरावांनी तो खाली वळलेला हात पाहिला होता. "काय सांगितलंत त्यांना?" त्यांनी विचारलं.

गुरुदत्तने गज दुसऱ्या हातात घेतला.

"थंडीचं सांगितलंत की खरं सांगितलंत?"

"खरं सांगितलं, मामा."

प्रतापरावांचा चेहरा त्या अंधुक उजेडात नीट दिसत नव्हता. "मग मला का नाही सांगितलंत?" ते म्हणाले. "तिथे, वाटेवर? मी काय तुम्हाला खाणार होतो? आमच्या मुलखात मी शिकलो, ते तिथल्या बंदुकीचं शिकलो. ह्या वाटीचं मला काय माहीत? तुम्ही नको म्हणाला असतात तर मी गप्प बसलो असतो. जरा फुगलो असतो. घरी जाऊन नीताकडे कुरकुर केली असती. बस."

फोग्टला भाषा कळत नव्हती, तो दोघांकडे बघत होता. दोघे थांबल्यावर म्हणाला, "बंदूक भरलेली गाडीत न्यायची नाही. बांधात बार काढ."

वाटेच्या वळणाला मातीचा उंच बांध होता. फोग्टने जीप आणून तिचे दिवे त्याच्यावर सोडले. गुरुदत्तने पुन्हा एकदा गज घालून पाहिलं. कडं तोंडाशी होतं. आता धोका नसायला हवा होता. गज त्याने फोग्टकडे दिला. पण गोळी दोनदा सरकलेली, साबो कुठे खरवडला असला तर सांगता येत नव्हतं. त्याने टोपी चढवली.

शेजारी पाऊल वाजलं. प्रतापराव त्याच्या डाव्या खांद्याशी येऊन उभे राहिले होते, मचाणात बसले होते तेवढ्याच अंतरावर.

"मामा, जीपमागे जा."

"मी इथेच उभा राहतो. तुमच्या हातातली बंदूक माझ्या बोलण्यामुळे अशी झाली. तुम्ही एकट्याने का म्हणून—"

"नाही," गुरुदत्त म्हणाला. आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. "नाही, मामा. मागे व्हा. तुम्ही गेल्याशिवाय मी बार काढणार नाही."

प्रतापराव जागचे हलले नाहीत. जीपचं इंजिन घुरघुरत होतं. मग त्यांनी जोडे चिखलातून उपसले आणि ते फोग्टच्या शेजारी, जीपच्या मागे जाऊन उभे राहिले.

गुरुदत्तने बंदूक खांद्याला लावली, चेहरा जमेल तेवढा लांब ठेवला आणि चाप ओढला.

बार झाला. पांढऱ्या धुराने दिव्यांचा उजेड झाकून टाकला. धूर निवळला तेव्हा तो आपल्या पायांवर उभा होता आणि बंदूक होती तशीच होती. बांधात एक भोक पडलं होतं आणि चार पाकळ्या उघडलेला पिवळा साबो वाटेतच गवतावर पडला होता.

प्रतापराव बांधापाशी गेले. भोकात त्यांनी मनगटापर्यंत हात घातला, तरी गोळी लागली नाही. हात काढून ते बोटांवरची माती चोळत राहिले.

"विचारा त्यांना," ते म्हणाले, "तेव्हा तसाच मारला असतात तर काय झालं असतं?"

गुरुदत्तने विचारलं. फोग्टने खांदे उडवले. "कदाचित काहीच नाही. कदाचित मी तुम्हा दोघांना खाली वाहून नेलं असतं. हे कुणी सांगू शकत नाही."

"म्हणजे हरणी मिळालीही असती," प्रतापराव म्हणाले.

"हो, मामा. मिळाली असती."

फोग्टने टोपी डोक्यावर ओढली आणि तो जीपमध्ये चढला. जाता जाता गुरुदत्तला म्हणाला, "माझ्या रानातली माझी शेवटची मादी होती ती. जगू दे आता." त्यात राग होता की नाही हे कळायला मार्ग नव्हता.

उतारावर जीप हिंदकळत होती. मागच्या सीटवर जावई-सासरे शेजारी बसले होते, मध्ये रिकामी बंदूक. गावाचे दिवे दिसायला लागले तेव्हा प्रतापराव म्हणाले, "नीताला काय सांगायचं?"

"सगळं सांगू."

"सांगा. पण जेवणं झाल्यावर. आधी सांगितलंत तर ती मला वाढायची नाही." ते थोडं थांबले. "आणि ते सकाळचं मिठाचं पाणी. ते तरी आवडतं का तुम्हाला?"

"नाही," गुरुदत्त म्हणाला.

प्रतापराव खिडकीबाहेर बघत राहिले. जरा फुगले होते.